अंगण खरेच वाकडे असेल तर?

'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण आपण सर्वांनी चौथी-पाचवीत पाठ केली आहे. काम जमले नाही की माणूस साधनाला नावे ठेवतो, असा तिचा अर्थ. हा अर्थ लिहून मी परीक्षेत दोन गुणही मिळवले आहेत. मागच्या सत्रात हीच म्हण मी एका ज्युनिअरला फायरिंग लाइनवर सर्वांदेखत ऐकवली. त्यानंतर आठ दिवसांनी कळले की त्या दिवशी अंगण खरेच वाकडे होते. आणि ते बांधणारा गवंडी मीच होतो.

या लेखाचा विषय आहे रायफलवर दुर्बीण बसवण्याची अवजारे. विषय लहान वाटेल. मलाही तो लहानच वाटत होता, म्हणून तर सगळा घोळ झाला.

आमच्या शूटिंग क्लबकडे एका माजी विद्यार्थ्याने भेट दिलेली स्प्रिंगची एअर रायफल आहे. तिच्यावर दुर्बीण बसवून २५ मीटरवर मारा करायचा, अशी एक आंतर-हाउस स्पर्धा दरवर्षी होते. दुर्बीण रायफलला थेट चिकटत नाही. रायफलच्या पाठीवर ११ मिलिमीटर रुंदीची डव्हटेल खाच असते. तिच्यावर दोन रिंगा आवळतात, एक पुढे आणि एक मागे. प्रत्येक रिंगेचे दोन भाग असतात. खालच्या अर्ध्या भागात दुर्बिणीची नळी ठेवायची आणि वरचा अर्धा भाग स्क्रूने बसवायचा. आमच्या दुर्बिणीची नळी एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर जाड आहे. या दोन रिंगा एकाच सरळ रेषेत असाव्या लागतात. एक रिंग जरी तिरकी असली, तरी सरळ नळीला जबरदस्तीने तिच्यात बसावे लागते.

मी हाउसचा शूटिंग कॅप्टन असल्याने उस्तादांच्या देखरेखीखाली दुर्बीण बसवण्याचे काम माझ्याकडे होते. क्लबच्या पेटीत त्यासाठी दोन रॉड आहेत. नळीएवढेच जाड, एका टोकाला पेन्सिलीसारखी अणी काढलेले. एक रॉड पुढच्या रिंगेत, दुसरा मागच्या रिंगेत, अणी समोरासमोर. दोन्ही अण्या एकमेकींना भिडल्या की रिंगा सरळ झाल्या, असे पेटीतल्या कागदावर छापले आहे. माझ्या अण्या अगदी सुईच्या टोकासारख्या भिडल्या. मी उस्तादांना बोलावून दाखवल्या. त्यांनी मान हलवली. मी दुर्बीण ठेवली, ॲलन कीचा लांब दांडा धरून स्क्रू ताकदीने आवळले आणि पाच गोळ्या मारून झिरो केले. पाचही मधोमध लागल्या.

निवड चाचणीत एकच रायफल असल्यामुळे सगळे एकामागून एक मारत होते, प्रत्येकी दहा गोळ्या. आठवीतला तो ज्युनिअर पाचवा आला. त्याच्याआधी चाळीस गोळ्या झाल्या होत्या. त्याच्या दहाही गोळ्या काळ्या वर्तुळाच्या डावीकडे गेल्या. तो उठला आणि हळूच म्हणाला, "सर, रायफल डावीकडे मारतेय असं वाटतंय." मागे सगळे हाउस उभे होते. मी हसून म्हटले, "नाचता येईना, अंगण वाकडं!" आणि त्याचे नाव खोडले.

इथे राजस्थानात आमच्या हाउसमध्ये आम्ही दोघेच मराठी. परेडवर, मेसमध्ये तो मला 'सर' म्हणतो, कारण सीनिअरला सर म्हणायचे असा नियम आहे. पण रात्री प्रेप संपली की तो 'दादा' म्हणत माझ्या बेडपाशी यायचा. घरून आलेल्या चिवड्याच्या डब्यात दोघांचा वाटा असायचा. त्या दिवशी बाकीच्यांना म्हणीचा अर्थ कळला नाही. ते मी हसलो म्हणून हसले. अर्थ कळणारा तो एकटाच होता. त्या रात्रीपासून तो मला प्रेपनंतरही 'सर' म्हणू लागला.

स्पर्धेत आमचे हाउस शेवटून दुसरे आले. आमच्या तिघांच्याही गोळ्या डावीकडे गेल्या, माझ्यासुद्धा. आता मात्र कोणी म्हण म्हटली नाही. उस्तादांनी रायफल खाली असल्याची खात्री केली, दुर्बीण उतरवायला सांगितली आणि नळी उन्हात धरली. दोन्ही रिंगांच्या जागी काळ्या नळीवर चकाकणारे ओरखडे होते. रिंग सगळीकडून सारखी टेकली असती, तर एकसारखा पट्टा दिसला असता. इथे पुढच्या रिंगेने फक्त उजव्या कडेला चावा घेतला होता आणि मागच्या रिंगेनेही तसाच, एकाच कडेवर. नळी दोन कडांवर अडकून बसली होती. स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते. पन्नासेक गोळ्यांत नळी रिंगांतून केसभर सरकली आणि तिने आपली दिशा बदलली.

मग अण्या कशा काय भिडल्या होत्या?

हे समजायला दोन पेन्सिली पुरेत. दोन्ही टेबलावर टोकाला टोक लावून एका रेषेत ठेवा. आता टोके तशीच भिडलेली ठेवून दोन्ही पेन्सिलींच्या मागच्या बाजू तुमच्याकडे ओढा. घराच्या छपरासारखा कोन तयार झाला ना? टोके अजूनही भिडलेलीच आहेत. माझ्या दोन रिंगांचे नेमके हेच झाले होते. एका रिंगेच्या पकडीखाली तेलात बसलेला मळ होता, ती एकीकडे वळली. दुसरी मी आवळताना उलट बाजूला वळली. अणी फक्त एकाच बिंदूबद्दल सांगते. रॉडची बाकीची लांबी कुठे पाहते आहे, याबद्दल ती गप्प असते.

दर रविवारी घरी फोन करायला मिळतो. माझा मामा कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो. त्याला मी सगळे सांगितले. तो म्हणाला, "आरं, टोक कसलं बघतोयस? अंग बघ की!" मग त्याने विचारले, "ते रॉड उलटे करून बघितलेस का?" मी बघितले नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही रिंगा स्पर्धेच्या दिवशी होत्या तशाच ठेवून रॉड उलटे घातले, म्हणजे सपाट तोंडे समोरासमोर. अण्या भिडत होत्या, पण सपाट तोंडांमध्ये एका बाजूला पोस्टकार्ड शिरेल एवढी फट आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. ज्या रॉडांनी मला 'ठीक' म्हणून सांगितले होते, तेच रॉड उलट्या तोंडाने खरे बोलले.

माझे पहिले मत असे की, जे अवजार चुकीच्या गोष्टीलाही 'ठीक' म्हणते, ते पेटीत असण्यापेक्षा नसलेले बरे. अवजार नसते तर मला शंका आली असती आणि मी आणखी एकदा तपासले असते. अण्या भिडल्यामुळे माझी शंकाच संपली.

दिवाळीच्या सुट्टीत मामाने मला ग्राइंडिंग केलेला एक सरळ दांडा दिला. २५.४ मिलिमीटर जाड आणि दोन्ही रिंगांतून आरपार जाईल एवढा लांब. त्याला ना अणी, ना खुणा. वापरही सोपा. खालच्या दोन अर्ध्या रिंगांना आतून मार्करची शाई लावायची. दांडा ठेवायचा, अलगद मागेपुढे सरकवून उचलायचा. जिथली शाई पुसली तिथे दांडा टेकतो. शाई फक्त एका कडेला पुसली असेल, तर रिंग वाकडी. दांडा बोटाने दाबल्यावर डुगडुगला, तरीही वाकडी. वर्कशॉपमधले फिटर अशाच कामासाठी निळा रंग वापरतात, असे मामाने सांगितले. एकच दांडा दोन्ही रिंगांत असल्यामुळे त्याला छपरासारखा कोन करताच येत नाही. नळीसुद्धा एकसंधच असते. म्हणजे दुर्बिणीवर जे ओढवणार, तेच आधी या दांड्यावर ओढवते. फरक एवढाच की दांड्याचे काही बिघडत नाही.

चूक केवढी लागते, याचाही हिशेब मी केला. दोन रिंगांमध्ये १०० मिलिमीटर अंतर धरा. मागची रिंग ०.१ मिलिमीटर बाजूला असेल, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीएवढी, तर हजारात एक एवढा फरक पडतो. २५ मीटरवर तो २५ मिलिमीटर होतो. आमच्या दुर्बिणीचे बटण फिरवून हा फरक काढता येतो. एका क्लिकला गोळी सुमारे १.८ मिलिमीटर सरकते, म्हणजे चौदा क्लिक. त्या सकाळी मी हेच केले होते. चौदा-पंधरा क्लिक लागले तेव्हाच मला विचारायला हवे होते की एवढे का लागत आहेत. क्लिकने गोळी मधे आणता येते, पण नळीवर आलेला ताण क्लिकने जात नाही. तो तसाच राहतो आणि झटके बसले की पुन्हा डोके वर काढतो.

क्लबच्या पेटीत काय असावे, याविषयी माझे मत पुढीलप्रमाणे आहे.

पहिली वस्तू, एकसंध सरळ दांडा. अणीचे रॉड ठेवायचेच असतील तर सपाट तोंडांनी वापरायचे. अण्यांवर लाल रंग लावून टाकावा, म्हणजे कोणी चुकून त्यांच्यावर विश्वास ठेवणार नाही.

दुसरी वस्तू, टॉर्क स्क्रू ड्रायव्हर. रिंगांच्या स्क्रूंना बहुतेक वेळा १५ ते २० इंच-पौंड एवढाच जोर लागतो आणि नेमका आकडा बनवणाऱ्याने दिलेल्या कागदावर असतो. ॲलन कीच्या लांब दांड्याने आपण याच्या कितीतरी पट जोर लावतो आणि आपल्याला तो कमीच वाटतो. नळी ॲल्युमिनियमची असते, ती दबते. स्क्रू आळीपाळीने, तिरप्या जोडीने आवळायचे आणि दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या ठेवायच्या.

तिसरी वस्तू सर्वांत स्वस्त आहे, गवंड्याचा ओळंबा. दुर्बिणीतली उभी रेघ खरोखर उभी आहे का, हे आम्ही टोपणावर छोटी पाणसळ ठेवून बघायचो. टोपणच थोडे कलते असेल तर पाणसळ बिचारी काय करणार? लक्ष्याजवळ दोरीला वजन बांधून सोडावे, रायफल सरळ धरावी आणि रेघ दोरीशी जुळवावी. दोरी कोणाची भीड धरत नाही.

चौथी वस्तू मला नको आहे. रिंगांच्या आत खरखरीत लेप लावून दांड्याने घासण्याची एक पद्धत आहे. तिने उंचवटे जातात, हे खरे. पण घासून गेलेला धातू परत भरता येत नाही. आमच्या रिंगांना तिची गरजही पडली नाही. मळ पुसून त्या नीट बसवल्यावर शाई दोन्हीकडे सारखी पुसली गेली. ते काम जाणकाराच्या हातीच राहावे, कॅडेटच्या नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. एक मित्र म्हणाला, "ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालतच नाही, मग एवढा विचार कशाला?" खरे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले, तेही दुर्बिणीशिवाय. पण साइट कुठलीही असली तरी ती कोणीतरी रायफलवर बसवलेली असते आणि तिच्यामागे झोपणारा मुलगा तिच्यावर भरवसा ठेवतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो खुद्द उस्तादांचा आहे. ते म्हणतात, "हथियार को दोष देने की आदत मत डालो." फौजेत हे बरोबरच आहे. प्रत्येक फायरर गोळी चुकली की रायफलीकडे बोट दाखवू लागला, तर कोणी श्वास आणि ट्रिगर सुधारणारच नाही. मी हे वाक्य मनापासून मानतो. पण मला वाटते की ते वाक्य फायररने स्वतःला सांगायचे आहे. ज्याच्या हातात दुसऱ्याचे नाव खोडण्याची पेन्सिल आहे, त्याने ते दुसऱ्याला ऐकवायचे नाही. त्याचे पहिले काम आहे अंगण बघणे.

आणि अंगण बघणे अवघड नव्हते. थिअरीच्या तासाला आम्हाला शिकवले आहे की गोळ्या पसरल्या असतील तर आधी फायरर तपासा आणि गोळ्या एकाच जागी पण चुकीच्या जागी असतील तर आधी साइट तपासा. उस्ताद जुनी टार्गेट जपून ठेवतात. मी त्या दिवशीची सगळी काढून पट्टी लावली. माझा ग्रुप २७ मिलिमीटरचा होता. त्या ज्युनिअरचा १९. त्या दिवशीचा तो सर्वांत लहान ग्रुप होता. त्याने दहाही गोळ्या रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत मारल्या होत्या, फक्त मी झुकवलेल्या दुर्बिणीने दाखवले तिथे. मी गुण मोजले, ग्रुप पाहिलाच नाही.

२००८ मध्ये बीजिंगला अंतिम फेरीआधी सरावाची गोळी खूप दूर लागली, तेव्हा अभिनव बिंद्रा यांनी स्वतःला नावे ठेवत बसण्याऐवजी साइट पुन्हा जुळवली आणि सुवर्णपदक जिंकले. एवढा मोठा नेमबाज रायफलवर शंका घेऊ शकतो, तर आठवीतल्या मुलाची शंका आपण निदान ऐकून तरी घ्यावी.

उस्तादांच्या हिंदीत नेम धरण्याला 'शिस्त लेना' म्हणतात. इथे आलो तेव्हा मला त्याची गंमत वाटायची, कारण आपल्या मराठीत शिस्त म्हणजे बूट चमकवणे, वेळेवर उठणे, सीनिअरला सर म्हणणे. 'जवान, शिस्त लो' म्हटले की मला वाटायचे, आता आणखी कुठली शिस्त लावणार? आता ते दोन अर्थ मला इतके लांबचे वाटत नाहीत. त्या ज्युनिअरने सर म्हणून, हळू आवाजात, योग्य शब्दांत मला खरी गोष्ट सांगितली होती. त्याची शिस्त दोन्ही अर्थांनी सरळ होती. माझी दोन्ही अर्थांनी डावीकडे गेली होती.

म्हणून माझी क्लबकडे एक मागणी आहे. कोणाचेही नाव खोडण्याआधी रायफल वाळूच्या थैलीवर जावी आणि दुसऱ्या कोणीतरी तिच्यातून पाच गोळ्या माराव्यात. स्प्रिंगची रायफल थेट थैलीवर टेकवू नये, मधे तळहात ठेवावा, नाहीतर तीही खोटे सांगते. दुर्बीण कोणी बसवली, स्क्रूला किती जोर लावला, दांडा ठेवून पाहिला का, हे वहीत लिहून खाली सही करावी. याला दहा मिनिटे लागतात. उस्तादांनी वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर माझी सही आहे आणि 'कारण' या रकान्यात मी 'आधी चुकीची बसवली होती' असे लिहिले आहे.

हाउस मीटिंगमध्ये मी उभा राहून त्या दिवशीची चूक माझी होती असे सांगितले. हिंदीत सांगितले, म्हणजे सर्वांना कळेल. म्हण मी मराठीत मारली होती, पण ऐकणारे सगळे होते. त्या ज्युनिअरला मी त्याचे टार्गेट परत दिले, मागे १९ मिलिमीटर आणि तारीख लिहून. त्याने ते ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवले आहे.

परवा पुढच्या निवडीसाठी आम्ही दुर्बीण पुन्हा बसवली. या वेळी दांडा त्याच्या हातात दिला होता. त्याने शाई लावली, दांडा सरकवला, उचलला आणि बराच वेळ वाकून पाहत राहिला. मग म्हणाला, "मागची अजून थोडी कलती आहे, दादा."

मी काही बोललो नाही. स्क्रू सैल केला आणि रिंग पुन्हा बसवली.

(कॅडेट, इयत्ता १० वी)